आवर्तसारणी

आवर्तसारणी : मूलद्रव्यांची अणुक्रमांकाच्या चढत्या क्रमाने केलेली मांडणी. आज ज्ञात असलेली ११८ मूलद्रव्ये तीत ७ आडव्या ओळींत (आवर्त) मांडलेली असून उभे स्तंभ (गण) १८ आहेत. तळाशी वेगळ्या दिसणाऱ्या लँथॅनाइड व अ‍ॅक्टिनाइड या मूलद्रव्यसमूहांच्या ओळी मुळात सहाव्या-सातव्या आवर्तातल्याच. तक्ता फार रुंद होऊ नये एवढ्यासाठीच त्या खाली काढल्या जातात.

सारणी वाचायची कशी, हे क्लोरिनाच्या चौकटीवरून कळते. १७ हा अणुक्रमांक, म्हणजे अणुकेंद्रात १७ प्रोटॉन आणि उदासीन अणूत तेवढेच इलेक्ट्रॉन. ३५.४५ हे अणुवस्तुमान विद्यार्थ्यांना हमखास गोंधळात टाकते, कारण एवढ्या वस्तुमानाचा क्लोरिनाचा एकही अणू नसतो. निसर्गात सुमारे तीन चतुर्थांश अणू वस्तुमानांक (प्रोटॉन व न्यूट्रॉन यांची एकूण संख्या) ३५ चे व बाकीचे ३७ चे असतात. चौकटीत असते ती त्यांची सरासरी. क्लोरीन तिसऱ्या आवर्तात आहे, म्हणून इलेक्ट्रॉनांची कवचे तीन (२, ८, ७). सतराव्या गणात आहे, म्हणून शेवटच्या कवचात ७ इलेक्ट्रॉन. अष्टकाला, म्हणजे शेवटच्या कवचातील ८ इलेक्ट्रॉनांच्या स्थिर रचनेला, एक कमी पडतो. सोडियमाच्या शेवटच्या कवचात एकच असतो. तो क्लोरिनाकडे गेला की मीठ तयार होते.

आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना केंद्राचा धन प्रभार वाढतो, कवच मात्र तेच राहते, त्यामुळे अणू आक्रसतो. गणात खाली उतरताना कवचे वाढून तो मोठा होतो. धातुगुण म्हणूनच डावीकडे खाली सर्वाधिक, तर उजवीकडे वरच्या फ्लुओरिनाची विद्युतऋणता (बंधातील इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची क्षमता) सर्वांत जास्त. अपवादही आहेत. हायड्रोजन पहिल्या गणात बसतो खरा, पण तो धातू नव्हे.

१८६९ मध्ये रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलेव्ह यांनी अणुभारानुसार (म्हणजे अणुवस्तुमानानुसार) मांडणी करताना तोवर न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी रिकाम्या जागा सोडल्या. त्यांतली एक १८७५ मध्ये गॅलियमाने भरली. आयोडिनापेक्षा जड असलेले टेल्युरियम त्यांनी गुणधर्म पाहून आयोडिनाच्या आधी ठेवले आणि त्याचा अणुभार चुकीचा मोजला गेला असावा, असे मानले. अणुभार चुकलेला नव्हता. १९१३ मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ मोस्ली यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने खरा क्रम अणुक्रमांकाचा असल्याचे दाखवले : टेल्युरियम ५२, आयोडीन ५३.