पन्नास टक्क्यांचा निकाल : भांडण नेमकं कशावर?

नाशिकला सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयाबाहेर चहाच्या टपरीवर मराठा आरक्षणाचा विषय निघाला की दोन वाक्यं ठरलेली असतात. एक वकील म्हणतात, "इंद्रा साहनीचा निकालच चुकीचा आहे", म्हणजे आरक्षणाला पन्नास टक्क्यांची मर्यादा घालणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९९२ चा निकाल. दुसरे ग्लास खाली ठेवत म्हणतात, "असेल हो वकीलसाहेब, पण नऊ जजेसचा आहे." मग चहाची दुसरी फेरी होते, आवाज चढतात, आणि कुणीच कुणाला खोडत नाही. कारण पहिले बोलतात निकाल बरोबर की चूक यावर, तर दुसरे तो बदलायचा अधिकार कुणाचा यावर.

हा गुंता जुना आहे. राज्यघटनेच्या कलम १४१ प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातल्या सगळ्या न्यायालयांना बांधतो. पण खुद्द त्या न्यायालयाला? १९५५ मध्ये विक्रीकराच्या बंगाल इम्युनिटी खटल्यात सात जणांच्या पीठाने दोनच वर्षांपूर्वीचा आपला निकाल ४ विरुद्ध ३ मतांनी फिरवला, आणि आपण आपल्याच शब्दाला जखडलेलो नाही हे सांगून टाकलं.

फिरवता येतो हे ठरलं. कधी फिरवावा हा प्रश्न उरला. साताऱ्यात जन्मलेले न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर सरन्यायाधीश असताना १९६५ मध्ये केशव मिल्सच्या आयकर खटल्यात त्याचा ऊहापोह झाला. आधीच्या वेळी एखादी ठळक बाब नजरेतून सुटली होती का? त्या निकालावर पुढे किती निकाल उभे राहिले? तो उलटवला तर लोकांची गैरसोय किती? म्हणजे 'चूक आहे' एवढं सिद्ध करून भागत नाही. त्या खटल्यात तर जुनी निकालपत्रं तशीच ठेवली गेली.

गंमत अशी की पन्नास टक्क्यांचं मूळही गजेंद्रगडकरांच्याच लेखणीत आहे. म्हैसूर राज्याने वैद्यकीय आणि इंजिनिअरिंग प्रवेशात ६८ टक्के जागा राखीव ठेवल्या होत्या. १९६२ च्या बालाजी निकालात त्यांनी लिहिलं की ढोबळमानाने हे प्रमाण पन्नासच्या आत असावं. आता हे 'ढोबळमानाने' म्हणजे नियम की सल्ला? १९७५ मध्ये थॉमस खटल्यात काही न्यायमूर्तींनी त्याला सल्ल्याच्या जागी बसवलं. १९९२ मध्ये इंद्रा साहनी निकालात बहुमताने तो पक्का नियम केला. मात्र असाधारण परिस्थितीपुरती एक फट ठेवली.

मराठा आरक्षणाच्या बाजूने त्यामुळे तीन वेगवेगळी म्हणणी उभी राहू शकतात. १९९२ ला चूकच झाली, हे एक. तेव्हा बरोबर होतं पण नंतर घटनादुरुस्त्या झाल्या, समाज बदलला, हे दुसरं. तिसरं म्हणजे नियम राहू द्या, आम्ही त्या फटीत बसतो. यातलं तिसरं निकाल उलटवायला सांगतच नाही, आणि टपरीवर नेमकं तेच सर्वांत आधी हरवतं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तेच मान्य करून शिक्षणात १२ आणि नोकऱ्यांत १३ टक्के कायम केले होते.

५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपुढे सगळंच एकदम आलं. पाच जण नऊ जणांचा निकाल मोडू शकत नाहीत. फार तर मोठ्या पीठाकडे पाठवू शकतात. त्याची गरज नाही यावर पाचही जणांचं एकमत झालं, असाधारण परिस्थितीही त्यांनी मानली नाही, आणि मराठा आरक्षण रद्द झालं. त्यांच्यात मतभेद झाला तो १०२ व्या घटनादुरुस्तीच्या अर्थावर, म्हणजे मागास वर्ग ठरवायचा अधिकार राज्यांकडे उरला का यावर, ३ विरुद्ध २ असा. बातम्यांच्या धबडग्यात हा फरक पार पुसला गेला.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, आर्थिक दुर्बलांचं १० टक्के आरक्षण टिकवताना बहुमताने ही मर्यादा अगदी न वाकणारी नाही असं म्हटलं. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने मराठा समाजाला १० टक्के देणारा नवा कायदा केला आणि त्यालाही उच्च न्यायालयात आव्हान मिळालं. टपरीवरच्या पहिल्या वकिलांना आता २०२२ चं निकालपत्र हाताशी मिळालंय. दुसरे अजूनही बोटांवर जजेस मोजतात.