पाळतीचा हुकूम आणि त्याची तपासणी : सातारच्या गादीपासून मंत्रालयातल्या नस्तीपर्यंत

सरकार कोणावर पाळत ठेवतं, कोणाचे फोन ऐकतं, यावर देखरेख करणाऱ्या यंत्रणेत धोरण सल्लागार व्हायचं असेल तर काय शिकावं? साताऱ्यात इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेजमध्ये किंवा सांगलीत कायदा शिकणाऱ्या एखाद्याने हा प्रश्न विचारला, तर खरं उत्तर थोडं अडचणीचं आहे. लंडनमध्ये ही नोकरी आहे. वॉशिंग्टनमध्ये आहे, निदान कालपरवापर्यंत होती. आपल्याकडे काम आहे, पण पद नाही. ते का नाही, याची गोष्ट बरीच मागे जाते आणि तिची सुरुवात साताऱ्यातूनच सांगता येते.

१८३६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने साताऱ्यात एक गुप्त चौकशी समिती बसवली. छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी कंपनीच्या पलटणीतल्या देशी अधिकाऱ्यांना फितवण्याचा प्रयत्न केला, असा आरोप होता. पुढे त्याला गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार, हे आरोप जोडले गेले. पुरावा काय, तर खबऱ्यांचे जबाब आणि हाती लागलेले कागद. समितीतला एक सभासद ओव्हान्स पुढच्याच वर्षी साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, झाला आणि उरलेला पुरावा त्यानेच जमवला. सप्टेंबर १८३९ मध्ये महाराजांना गादीवरून उतरवून काशीला पाठवण्यात आलं.

त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते हे गाऱ्हाणं घेऊन लंडनला गेले आणि सुमारे चौदा वर्षं तिथे राहिले. कंपनीच्या संचालकांपुढे आणि पार्लमेंटच्या सभासदांपुढे त्यांनी धरलेला मुख्य मुद्दा आजही तसाच्या तसा वापरता येईल. महाराज निर्दोष आहेत, हे तर ते म्हणतच होते. पण त्यांचं जास्त वजनदार म्हणणं असं होतं की आरोपपत्र आणि पुरावा महाराजांपुढे ठेवलाच नाही, त्यांची बाजू ऐकलीच नाही, आणि ज्याने माहिती गोळा केली त्याच्याच शब्दावर फैसला झाला. जोसेफ ह्यूमसारखे खासदार बाजूने उभे राहिले, तरी गादी परत मिळाली नाही. १८४८ मध्ये तर दत्तक नामंजूर करून राज्यच खालसा झालं.

रंगो बापूजी लंडनमध्ये असतानाच, १८४४ मध्ये, तिथे एक वेगळंच प्रकरण पेटलं. इटलीतून परागंदा झालेल्या मॅझिनीची पत्रं ब्रिटिश गृहमंत्री टपालात उघडून वाचत होते, हे बाहेर आलं. पार्लमेंटमध्ये गदारोळ झाला आणि चौकशी समित्या नेमाव्या लागल्या. पत्र फोडण्याचा अधिकार काही गेला नाही. पण मंत्र्याला सभागृहात जाब द्यावा लागला, ही गोष्ट रुजली. परक्या माणसाच्या पत्रांसाठी जी सभा उठली, तिच्याच दारात साताऱ्याचा वकील वर्षानुवर्षं ताटकळत होता. वसाहतीसाठी माप वेगळं होतं, आणि त्या वेगळ्या मापानेच आपले पुढचे कायदे शिवले गेले.

१८८५ चा भारतीय तार कायदा त्यातला सर्वांत टिकाऊ निघाला. त्याच्या कलम ५ ने सार्वजनिक आणीबाणीत किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी तार अडवण्याचा, वाचण्याचा अधिकार सरकारला दिला. हुकूम सरकारचा, तो तपासणारं कोणी नाही. १८९८ च्या टपाल कायद्याने पत्रांबाबत तसंच केलं.

ऑगस्ट १९४२ नंतर या भागात तारा तोडणं हे आंदोलनाचं नेहमीचं हत्यार झालं. कराड, तासगाव, वडूज, इस्लामपूरचे मोर्चे, वडूजला झालेला गोळीबार आणि मग क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार. प्रतिसरकारचं केंद्र असलेलं कुंडल तेव्हा सातारा जिल्ह्यातच होतं. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला. इंग्रजांचा भर गावोगावच्या खबऱ्यांवर होता आणि प्रतिसरकारही खबऱ्यांना कठोर शिक्षा करत असे. त्या शिक्षांवर अपील कोणाकडे करायचं, हा प्रश्न तिथेही होता. भूमिगत चळवळीला तो विचारणं सोपं नाही, तरी तो नव्हताच असं म्हणणं इतिहासाला धरून होणार नाही.

स्वातंत्र्य आलं, घटना आली. तार कायदा जागेवरच राहिला, आणि फोन ऐकण्याचा अधिकारही त्याच्याच कलम ५ खाली चालला. १९७२ मध्ये त्याच्या कलम ५ ला देशाचं सार्वभौमत्व, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था अशी कारणांची यादी जोडली आणि कारणं लेखी नोंदवण्याची अट घातली. त्या नोंदी कोणी वाचाव्यात, हे ठरलं नाही. गुप्तचर विभाग १८८७ पासूनचा. त्याला संसदेने केलेला स्वतंत्र कायदा आजही नाही. १९६८ मध्ये त्यातूनच परदेशी हेरगिरीसाठी 'रॉ' वेगळी काढली, तीही कायद्याविनाच. तेव्हा केंद्रीय गृहमंत्री होते कराडचे यशवंतराव चव्हाण. संसदीय लोकशाहीवर एवढी निष्ठा असलेल्या माणसाच्या कारकिर्दीतही हा विषय सभागृहात कायदा म्हणून आला नाही, याची खंत वाटते. त्या काळात कोणत्याच पक्षाला त्याची गरज वाटत नव्हती, हेही खरं.

न्यायालयांची चाल सावकाश होती. १८ डिसेंबर १९६२ रोजी खरक सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांनी रात्री-अपरात्री घरी जाऊन 'हजेरी' घेणं बेकायदा ठरवलं, पण बाकीची पाळत चालू दिली. न्या. सुब्बा राव यांनी तेव्हाच वेगळं मत लिहिलं होतं. ते खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणाऱ्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात, नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढे, खऱ्या अर्थाने मान्य झालं. मधल्या काळात राजकारणाने विषय तापता ठेवला. पत्रं अडवण्याचा सरकारचा अधिकार वाढवणारं १९८६ चं टपाल दुरुस्ती विधेयक संसदेने मंजूर करूनही राष्ट्रपती झैलसिंग यांनी सही केली नाही. शेजारच्या कर्नाटकात फोन टॅपिंगच्या आरोपांवरून १९८८ मध्ये रामकृष्ण हेगडेंना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. नेत्यांचे फोन ऐकले गेल्याबाबतचा सीबीआयचा अहवाल बाहेर आला आणि 'पीयूसीएल' ही नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली.

त्या याचिकेचा निकाल १८ डिसेंबर १९९६ चा. खरक सिंगनंतर बरोबर चौतीस वर्षांनी, त्याच तारखेला. याचिकाकर्त्यांची मागणी होती की टॅपिंगला आधी न्यायाधीशाची परवानगी हवी. न्यायालयाने फोनवरचं बोलणं हा खासगीपणाचा भाग आहे, हे मान्य केलं; न्यायाधीशाची परवानगी मात्र कायद्यात तरतूद नाही म्हणून नाकारली. त्याऐवजी सरकार नियम करेपर्यंतची व्यवस्था घालून दिली. हुकूम गृहसचिवांनी द्यायचा, तो दोन महिने चालेल, एकूण सहा महिन्यांपलीकडे जाणार नाही, तीच माहिती दुसऱ्या मार्गाने मिळते का हे आधी पाहायचं, आणि एक आढावा समिती हुकूम तपासेल. केंद्रात कॅबिनेट सचिव, विधी सचिव आणि दूरसंचार सचिव. राज्यात मुख्य सचिव, विधी सचिव आणि गृहसचिव सोडून आणखी एक सचिव.

आज दिसणारी सगळी रचना त्या एका नकारावर उभी आहे. तीन सचिव चौथ्या सचिवाचं काम तपासतात. ही माणसं अप्रामाणिक असतात असं मला म्हणायचं नाही. पण ज्याच्यासोबत उद्याच्या बैठकीला बसायचं आहे, त्याच्या नस्तीवर 'कारणे अपुरी' असा शेरा मारणारा अधिकारी विरळा, हे मंत्रालयात एकदा फेरी मारलेल्या कोणालाही कळतं.

सरकारने नियम केला तो १९९९ मध्ये, आणि २००७ मध्ये तो नव्याने लिहिला. तार नियमांतला ४१९-अ हा तो नियम. समितीने दोन महिन्यांतून किमान एकदा बसायचं. आता आकडे पाहा. माहिती अधिकारातून बाहेर आलेल्या माहितीनुसार केंद्र सरकार महिन्याला ७,५०० ते ९,००० हुकूम काढत होतं. डेटा संरक्षणावरच्या न्या. श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात त्यावरून हिशेब मांडला : आढावा समितीपुढे प्रत्येक बैठकीत १५,००० ते १८,००० हुकूम. समिती सलग आठ तास चहाही न घेता बसली, तरी एका हुकमाला दोन सेकंद मिळत नाहीत. धोरण सल्लागाराची गरज इथे दिसते. आकारावरून नस्त्या वेगळ्या काढणं, नमुना तपासणी करणं, मुदतवाढीच्या अर्जात नवं काही आहे की मागचाच मजकूर पुन्हा उतरवला आहे हे पाहणं, कोणत्या यंत्रणेच्या अर्जांत तीच ती वाक्यं येतात याची नोंद ठेवणं. हे काम सचिवांच्या हातून होणारं नाही. त्यासाठी पूर्णवेळ माणसं लागतात. नियमात त्यांचा उल्लेख नाही. उलट, सहा महिन्यांनी नोंदी नष्ट करायची तरतूद आहे, म्हणजे मागे वळून पाहायला कागदही उरू नये.

महाराष्ट्राने दरम्यान स्वतःची एक वाट काढली होती. १९९९ च्या मकोका कायद्यात संघटित गुन्हेगारीच्या तपासासाठी संभाषण टिपण्याची वेगळी पद्धत आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ती कलमं रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ती पुन्हा वैध ठरवली. मग २०१९ मध्ये विनित कुमार प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने एका लाचेच्या गुन्ह्यातले टॅपिंगचे हुकूम रद्द करून ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितली. लाच गंभीर खरी, पण ती म्हणजे सार्वजनिक आणीबाणी नव्हे, असा त्या निकालाचा गाभा. २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालय त्याच दिशेने गेलं, तर दिल्ली उच्च न्यायालयाने भ्रष्टाचाराच्या प्रकरणात टॅपिंग मान्य केलं. प्रश्न अजून मिटलेला नाही.

राज्यातलं ताजं प्रकरण सगळ्यांना आठवत असेल. २०१५ ते २०१९ या काळात राजकीय नेत्यांचे फोन टॅप झाल्याच्या आरोपांची चौकशी करायला २०२१ मध्ये समिती नेमली गेली, २०२२ मध्ये गुन्हे नोंदले गेले आणि २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द केले. कोण दोषी, हा विषय तिथे संपला. धोरणाच्या दृष्टीने त्यातला एकच आरोप लक्षात ठेवण्यासारखा आहे : नेत्यांचे नंबर दुसऱ्याच नावांनी, वेगळ्याच गुन्ह्यांच्या कारणाने अर्जात घातल्याचा. आरोप खरा असो वा खोटा, अर्जातला नंबर आणि अर्जातलं नाव एकाच माणसाचं आहे का, हे पडताळण्याचं काम आजच्या साखळीत नक्की कोणाचं? वाचकांनी नियम उघडून बघावेत.

अखेर तार कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ चा दूरसंचार कायदा आला आणि ६ डिसेंबर २०२४ रोजी टॅपिंगचे नवे नियम निघाले. आढावा समिती तीच, तिघे सचिवच. २०२३ च्याच वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सरकारी यंत्रणांना सूट देण्याची मोकळीक ठेवली आहे.

परदेशातला अनुभवही सरळ रेषेत जात नाही. ब्रिटनने युरोपीय मानवी हक्क न्यायालयात खटला हरल्यावर १९८५ मध्ये कायदा केला. २०१६ च्या कायद्याने मंत्र्याच्या सहीनंतर न्यायिक आयुक्ताचीही मंजुरी लागते. या आयुक्तांच्या कार्यालयात निरीक्षक आणि तंत्रज्ञान सल्लागार आहेत, आणि कोणत्या यंत्रणेकडून किती चुका झाल्या याचा वार्षिक अहवाल प्रसिद्ध होतो. अमेरिकेत सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने गुप्तचर यंत्रणांची चौकशी केल्यानंतर १९७८ मध्ये वेगळं न्यायालय झालं. पुढे तिथे खासगीपणा आणि नागरी स्वातंत्र्यासाठी पाच सदस्यांचं मंडळ आलं. सरकारी पाळतीचे कागद फोडणाऱ्या एडवर्ड स्नोडेनच्या गौप्यस्फोटानंतर, जानेवारी २०१४ मध्ये, याच मंडळाने लिहून दिलं की सरसकट फोननोंदी गोळा केल्यामुळे दहशतवादविरोधी तपासात ठोस फरक पडल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही. अशी वाक्यं मंडळातल्या कर्मचाऱ्यांनी महिनोन् महिने कागद चाळल्याशिवाय लिहिता येत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये त्यातल्या तिघांना काढून टाकण्यात आलं आणि मंडळाची गणसंख्याच संपली. पद असणं आणि ते टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग साताऱ्या-सांगलीतल्या विद्यार्थ्याने कुठे हात घालायचा? टॅपिंगचा हुकूम मुंबईत निघतो आणि तिथेच तपासला जातो. जिल्ह्यात त्याचा मागमूस नसतो. जिल्हा पातळीपर्यंत पोचलेली देखरेख एकच आहे आणि ती उलट बाजूने, म्हणजे पोलिसांवर आहे. २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही आणि प्रत्येक जिल्ह्यात देखरेख समिती सांगितली. विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, महापौर किंवा ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचे प्रमुख, अशी तिची घडण. चित्रीकरण शक्यतो अठरा महिने जपायचं, आणि कोणी तक्रार केली नसली तरी मानवी हक्कांचा भंग झाला का, हे ते पाहून तपासायचं. २०१७ मध्ये सांगली शहर पोलीस ठाण्यातल्या कोठडीत तरुणाचा मृत्यू झाला आणि मृतदेह आंबोलीत नेऊन जाळल्याचं उघड झालं, तेव्हा अशी समिती अस्तित्वात नव्हती. आता ती बसते का, किती वेळा बसते, चित्रीकरण कोण पाहतं, बंद पडलेले कॅमेरे किती दिवसांत सुरू होतात?

या समितीने राज्यस्तरीय समितीला दरमहा अहवाल द्यायचा आहे. टॅपिंगच्या हुकमांची माहिती मागितली की माहिती अधिकार कायद्याचं कलम ८, म्हणजे माहिती नाकारण्याची सूट, पुढे केलं जातं. हे मासिक अहवाल मागणाऱ्या अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, आणि तो जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक खिडकीत देता येतो.