फॉक्सप्रोत रेकॉर्ड पुसला तरी जात का नाही?

फॉक्सप्रो ही टेबलांत माहिती साठवणारी डेटाबेस प्रणाली. ती बनवणारी फॉक्स सॉफ्टवेअर ही कंपनी मायक्रोसॉफ्टने १९९२ साली घेतली, आणि जानेवारी २०१५मध्ये व्हिज्युअल फॉक्सप्रो या नंतरच्या आवृत्तीची मदत कायमची थांबवली. पण त्यात साठवलेल्या डीबीएफ (टेबलांच्या) फायली आजही उघडाव्या लागतात. म्हणून ही फाइल आतून कशी असते ते माहीत असलेलं बरं. ती इतकी साधी आहे की कागद-पेन्सिल घेऊन तपासता येते.

फाइलच्या सुरुवातीला हेडर असतो. त्यातले पहिले ३२ बाइट संपूर्ण टेबलाची माहिती देतात, पुढे प्रत्येक फील्डसाठी, म्हणजे रकान्यासाठी, ३२ बाइट आणि शेवटी एक खुणेचा बाइट. समजा, खातेदारांचं टेबल आहे: क्रमांक ५, नाव ३०, तारीख ८ आणि शिल्लक १० बाइट. चार फील्ड, म्हणजे जुन्या फॉक्सप्रोत हेडर ३२ + १२८ + १ = १६१ बाइटचा. (व्हिज्युअल फॉक्सप्रो यात आणखी २६३ बाइट घालतं.) फील्डांची बेरीज ५३ होते, पण रेकॉर्ड, म्हणजे एका खातेदाराची ओळ, भरतो ५४ बाइटचा. हा जास्तीचा एक बाइटच सगळ्यात महत्त्वाचा.

रेकॉर्ड जिवंत असेल तर त्या बाइटमध्ये मोकळी जागा असते. डिलीट कमांड दिली की तिथे फक्त फुली पडते, म्हणजे * हे चिन्ह. नाव, शिल्लक सगळं जागच्या जागी राहतं, आणि रिकॉल दिलं की फुली निघते. ही युक्ती वेगासाठी आहे. हजारावा रेकॉर्ड हवा असेल तर १६१ + ९९९ × ५४ = ५४,१०७ बाइट सोडून थेट तिथे जाता येतं, मधलं काही वाचावं लागत नाही. मधला एक रेकॉर्ड खरोखर काढायचा तर पुढचे सगळे सरकवावे लागतील.

यातूनच नेहमीचा घोटाळा होतो. ‘सेट डिलीटेड ऑन’ दिलेलं नसेल तर फुली मारलेली खातीही बेरजेत धरली जातात आणि ताळा जुळत नाही. ते दिलं तरी रेककाउंट फुल्यांसकटच आकडा सांगतं, तेव्हा मोजायला काउंट वापरावं.

पॅक कमांड फुलीवाले रेकॉर्ड कायमचे काढून टाकते. ती फाइल नव्याने लिहिते, म्हणून टेबल एकट्याकडेच उघडं हवं आणि डिस्कवर जागा हवी. मध्येच वीज गेली तर नुकसान मोठं, त्यामुळे आधी प्रत काढलीच पाहिजे. नुसती डीबीएफची नव्हे, सोबतच्या एफपीटी (लांब मजकुराची फाइल) आणि सीडीएक्सचीही (इंडेक्सची, म्हणजे शोधसूचीची फाइल). मेमो, म्हणजे लांब मजकुराचं, फील्ड असेल आणि एफपीटी राहून गेली, तर टेबल उघडत नाही.

वीज जाण्याचा दुसरा फटका हेडरला बसतो. पाचव्या ते आठव्या बाइटमध्ये रेकॉर्डांची संख्या असते, धाकटा बाइट आधी: १८०, ४, ०, ० म्हणजे ४ × २५६ + १८० = १,२०४. शेवटचा रेकॉर्ड लिहिला गेला पण संख्या वाढवायची राहिली, तर तिथे १,२०३च दिसतात. अशा वेळी फाइलचा आकार बघावा. तो ६५,१७८ असेल तर त्यातून १६१ आणि शेवटच्या खुणेचा १ बाइट वजा करून ५४ने भागायचं. उत्तर १,२०४ येतं. हेक्स एडिटरने (फाइलचे बाइट थेट बदलणाऱ्या प्रोग्रामने), अर्थात प्रतीवरच, तेवढा एक बाइट १७९चा १८० केला की हरवलेला रेकॉर्ड परत दिसतो.

यादीत दिसणारं नाव सीक या शोधाच्या कमांडला सापडत नसेल तर इंडेक्स मागे पडलेला असतो. रीइंडेक्स पुरतं असं नाही, कारण किल्लीचं (म्हणजे क्रम कशावर लावायचा त्याचं) सूत्र ते त्याच बिघडलेल्या फाइलमधून घेतं. सूत्र लिहून ठेवावं, टॅग (त्या फाइलमधल्या सूची) पुसावेत, इंडेक्स नव्याने बांधावा.

नकाशांच्या शेपफाइलमध्ये गावांची माहिती याच डीबीएफमध्ये असते. यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइट घेतं. ‘मुळशी’ला १५ लागतात. फील्डचं नाव १० बाइटांपुरतंच, म्हणजे मराठीत जेमतेम तीन चिन्हं. फील्डची नावं रोमन ठेवा, गावाच्या नावाला निदान ९० बाइट द्या, आणि सोबतच्या, अक्षरसंकेत सांगणाऱ्या सीपीजी फाइलमध्ये यूटीएफ-८ लिहायला विसरू नका.