कार्लाइलहून आलेला डावखुरा: जॅरड ब्रँथवेटच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

जुलै 2025 मध्ये डाव्या पायाच्या इंग्लिश बचावपटू जॅरड ब्रँथवेटने लिव्हरपूल शहरातल्या एव्हर्टन या फुटबॉल क्लबबरोबर 2030 पर्यंतचा नवा करार केला आणि त्याच्या विक्रीच्या बातम्यांना निदान काही काळ तरी खीळ बसली. आदल्या उन्हाळ्यात मँचेस्टर युनायटेडने त्याच्यासाठी दोनदा बोली लावली होती. पहिली 3.5 कोटी पौंडांच्या घरातली आणि दुसरी त्याहून कोटभराने वरची, अशा बातम्या तेव्हा आल्या. एव्हर्टनने दोन्ही धुडकावल्या. तोवर या पोराच्या नावावर इंग्लंडचा एकच सामना होता, तोही बदली खेळाडू म्हणून. मग एवढी ओढाताण कशासाठी, हे कळायचं तर जरा मागे जावं लागतं, आणि फुटबॉलबरोबर हिशेबाच्या वह्याही उघडाव्या लागतात.

ब्रँथवेटचा जन्म 27 जून 2002 चा, कार्लाइलचा. इंग्लंडच्या वायव्य टोकाला, कंब्रिया परगण्यातलं हे शहर स्कॉटलंडच्या सीमेपासून हाकेच्या अंतरावर आहे. फुटबॉलच्या नकाशावर मात्र ते फार लांब पडतं. लिव्हरपूलचा दैवत मानला गेलेला बिल शँक्ली कार्लाइल युनायटेडकडून खेळला आणि पुढे प्रशिक्षक म्हणूनही त्याने इथूनच सुरुवात केली. 1974-75 मध्ये हा क्लब एकच हंगाम पहिल्या श्रेणीत होता. पहिल्या तीन सामन्यांनंतर गुणतक्त्यात अव्वल आणि हंगाम संपला तेव्हा तळाला! त्यानंतर खालच्या श्रेणीच त्यांच्या नशिबी आल्या. डिसेंबर 2015 मध्ये डेस्मंड वादळाच्या पुराने ब्रंटन पार्क हे त्यांचं मैदान पाण्याखाली गेलं आणि क्लबला ‘घरचे’ सामने प्रेस्टन, ब्लॅकबर्न, ब्लॅकपूल इथे जाऊन खेळावे लागले. ब्रँथवेट तेव्हा 13 वर्षांचा होता.

असे क्लब जगतात ते पोरं घडवून आणि विकून. बहुतेकदा पोरं घडायच्या आतच जातात. कंब्रियाचेच दोन गोलरक्षक पाहा. व्हाइटहेवनचा डीन हेंडरसन कार्लाइलच्या अकादमीतून कोवळ्या वयात मँचेस्टर युनायटेडला गेला, कॉकरमथचा जेम्स ट्रॅफर्ड त्याहून लहान वयात मँचेस्टर सिटीला. ब्रँथवेट मात्र कार्लाइलमध्येच राहिला आणि 2019-20 च्या हंगामात, 17 व्या वर्षी, चौथ्या श्रेणीत मोठ्यांच्या संघात उतरला. माझ्या मते त्याच्या पुढच्या वाटचालीची किल्ली इथे आहे. बड्या क्लबांच्या अकादमीत सेंटर-बॅकला, म्हणजे बचावफळीच्या मधोमध खेळणाऱ्याला, बहुतेक वेळा आपल्याच वयाचे, पायात चेंडू खेळवणारे प्रतिस्पर्धी भेटतात. चौथ्या श्रेणीत तिशीतला दांडगा स्ट्रायकर कोपर लावतो, जर्सी ओढतो आणि वर पंचांकडे पाहून हात पसरतो. ते शिक्षण हिरवळीवरच्या सरावात मिळत नाही. त्या वेळचे प्रशिक्षक स्टीव्हन प्रेस्ली स्वतः स्कॉटलंडकडून सेंटर-बॅक खेळलेले होते, हाही योग चांगलाच.

बोटांवर मोजण्याइतके सामने झाले आणि जानेवारी 2020 मध्ये एव्हर्टनने त्याला उचललं. रक्कम फार तर 10 लाख पौंडांच्या आसपास असल्याचं तेव्हा छापून आलं. इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत, प्रीमियर लीगमध्ये, एवढ्या पैशात राखीव गोलरक्षकही मिळणं कठीण. कार्लो अँचेलोटी नुकतेच एव्हर्टनचे प्रशिक्षक म्हणून आले होते. कोविडनंतर लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा, जुलै 2020 मध्ये, त्यांनी या पोराला रिकाम्या स्टेडियममध्ये पहिली संधी दिली.

पुढची दोन वर्षं नुसती ये-जा चालली. जानेवारी 2021 मध्ये तो लोनवर, म्हणजे ठरावीक काळासाठी उसना, ब्लॅकबर्नला गेला. डिसेंबर 2021 मध्ये चेल्सीविरुद्ध, त्यांच्याच स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावर, त्याने एव्हर्टनसाठी पहिला गोल केला आणि सामना 1-1 असा सुटला. पण त्या हंगामातला लोकांच्या लक्षात राहिलेला प्रसंग वेगळाच. 15 मे 2022, एव्हर्टनचं मैदान गुडिसन पार्क, समोर ब्रेंटफर्ड. एव्हर्टनच्या डोक्यावर श्रेणीघसरणीची, म्हणजे खालच्या श्रेणीत जाण्याची, तलवार लटकत होती. 1-0 ची आघाडी मिळालेली, आणि विसावं मिनिटही उजाडलं नव्हतं तेव्हा ब्रँथवेटने शेवटचा बचावपटू असताना ब्रेंटफर्डचा स्ट्रायकर आयव्हन टोनीला पाडलं. थेट रेड कार्ड. एव्हर्टनने सामना 2-3 असा गमावला. चार दिवसांनी क्रिस्टल पॅलेसविरुद्ध 0-2 वरून 3-2 असा विजय खेचून संघ वाचला म्हणून बरं, नाहीतर ते कार्ड त्याला जन्मभर चिकटलं असतं. स्ट्रायकरने दहा संधी घालवल्या तरी अकराव्या गोलने त्याचं सगळं माफ होतं. बचावपटूला ती सवलत नाही.

त्यानंतर क्लबने त्याला नेदरलँड्सच्या पीएसव्ही आइंडहोव्हनला वर्षभरासाठी पाठवलं, आणि हा निर्णय सोन्यासारखा ठरला. तिथे प्रशिक्षक होते एके काळचे नामांकित स्ट्रायकर रूड व्हान निस्टेलरॉय. पेनल्टी बॉक्समध्ये स्ट्रायकर काय विचार करतो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! डच लीगमध्ये पीएसव्ही बहुतेक सामन्यांत चेंडू स्वतःकडे ठेवणारा संघ. तिथे सेंटर-बॅकने चेंडू नुसता भिरकावून चालत नाही, हल्ल्याची सुरुवात त्याच्याच पायातून होते. साडेसहा फुटांच्या जवळ जाणारा, डाव्या पायाने खेळणारा, चेंडू पुढे नेणारा सेंटर-बॅक तिथून परत आला. एप्रिल 2023 मध्ये पीएसव्हीने आयॅक्सला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून डच कप जिंकला. त्याच उन्हाळ्यात 21 वर्षांखालील युरो स्पर्धा इंग्लंडने एकही गोल न खाता जिंकली, त्या संघातही तो होता. अंतिम सामन्यात स्पेनची अखेरच्या क्षणांतली पेनल्टी अडवली ती ट्रॅफर्डने, म्हणजे कार्लाइलच्याच दुसऱ्या पोराने.

2023-24 हा त्याचा खरा हंगाम. एव्हर्टनचे तेव्हाचे प्रशिक्षक शॉन डाइश यांच्या संघात जेम्स टार्कोव्स्की उजवीकडे, ब्रँथवेट डावीकडे. त्याच वर्षी आर्थिक नियमभंगासाठी एव्हर्टनचे आधी 10 गुण कापले गेले, अपिलात ते 6 झाले, आणि दुसऱ्या प्रकरणात आणखी 2 गेले. गोल करण्यात संघ यथातथाच होता, 38 सामन्यांत 40. पण खाल्लेले गोल 51, आणि त्याहून कमी फक्त आर्सेनल, मँचेस्टर सिटी आणि लिव्हरपूल यांनीच खाल्ले होते. संघ टिकला तो बचावफळीच्या जिवावर. 24 एप्रिलच्या रात्री, आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली, गुडिसनवर लिव्हरपूलविरुद्ध गोलसमोर गोंधळ माजला. लिव्हरपूलला चेंडू बाहेर काढता येईना. तो ब्रँथवेटच्या डाव्या पायाशी आला आणि त्याने मारलेला फटका गोलरक्षक अलिसनच्या अंगाला चाटून जेमतेम रेषेपलीकडे घरंगळला. दिसायला गोल ओबडधोबडच. सामना 2-0 असा संपला. गुडिसनवरच्या डर्बीतला, म्हणजे एकाच शहरातल्या या दोन क्लबांच्या लढतीतला, 2010 नंतरचा हा एव्हर्टनचा पहिला विजय, आणि लिव्हरपूलचे प्रशिक्षक क्लॉप यांच्या तिथल्या शेवटच्या हंगामातल्या विजेतेपदाच्या आशांना त्याने सुरुंग लावला.

आता हिशेबाच्या वह्या. प्रीमियर लीगच्या तेव्हाच्या नियमानुसार क्लबला तीन वर्षांत 10.5 कोटी पौंडांपर्यंतच तोटा चालत होता. 5 कोटींचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला तर दर वर्षी 1 कोटी खर्च धरला जातो. दोन वर्षांनी विकला तर खात्यातली उरलेली 3 कोटींची किंमत वजा करूनच नफा मोजतात. ब्रँथवेटची मूळ रक्कम चिमूटभर, तीही केव्हाच खर्ची पडलेली. म्हणजे त्याला विकून येणारा जवळजवळ प्रत्येक पौंड निव्वळ नफा. 8 गुण गमावलेल्या क्लबला असा खेळाडू विकण्याचा मोह किती असेल! तरीही 2024 च्या उन्हाळ्यात एव्हर्टनने मधल्या फळीतला अमाडू ओनाना ॲस्टन व्हिलाला विकला आणि याला ठेवला. युनायटेडने मग फ्रान्सच्या लील क्लबचा सेंटर-बॅक लेनी योरो घेतला.

इंग्लंडच्या संघाबाबत मात्र त्याच्या वाट्याला हुलकावणीच आली. 3 जून 2024 रोजी न्यूकॅसलमध्ये बॉस्नियाविरुद्ध तो पदार्पण करून गेला. तीन दिवसांनी युरोसाठी 33 जणांतून 26 निवडताना इंग्लंडचे तेव्हाचे प्रशिक्षक गॅरेथ साउथगेट यांनी त्याला वगळलं, ट्रॅफर्डलाही. हेंडरसन तेवढा राहिला. डाव्या बाजूचा बचावपटू ल्यूक शॉ दुखापतीतून सावरलेला नसल्याने डाव्या बाजूला उजव्या पायाचा ट्रिपियर, त्याच्या शेजारी उजव्याच पायाचा मार्क गेही. गेही उत्तम खेळला, त्याबद्दल तक्रार नाही. पण डावीकडून चेंडू पुढे सरकताना दर वेळी पाय बदलण्यात क्षण जात होता, आणि स्पर्धाभर इंग्लंडच्या हल्ल्याला डावी बाजूच नसल्यासारखं वाटत होतं. डाव्या पायाचा एक सेंटर-बॅक निदान बाकावर तरी हवा होता, असं मला आजही वाटतं. इंग्लंडचे नंतरचे प्रशिक्षक टॉमस टूखेल यांनी पुढे मार्च 2025 मध्ये डाव्या पायाच्या डॅन बर्नला पदार्पण दिलं, वयाच्या 32 व्या वर्षी. तोही डार्लिंग्टनसारख्या छोट्या क्लबातून वर आलेला.

2024 नंतर ब्रँथवेटच्या मार्गात आडवं आलं ते त्याचं शरीर. 2024 च्या उन्हाळ्यात जांघेची शस्त्रक्रिया झाली आणि हंगामाची सुरुवात हुकली. डेव्हिड मोयेस एव्हर्टनचे प्रशिक्षक म्हणून परतल्यावर त्याचा जम पुन्हा बसला, नवा करार झाला, क्लब गुडिसन सोडून ब्रॅमली-मूर गोदीतल्या नव्या स्टेडियमवर गेला. पण 2025-26 सुरू होतानाच मांडीच्या मागच्या स्नायूने दगा दिला आणि शरद ऋतूत त्यावरही शस्त्रक्रिया करावी लागली. नव्या मैदानावरच्या पहिल्या महिन्यांत टार्कोव्स्कीच्या शेजारी उभा राहिला तो मायकेल कीन.