जुगारविषयक गुन्हे व शिक्षा

जुगाराचा अड्डा चालविणे, तेथे खेळणे, उघड्यावर पैजा लावणे, आकड्यांच्या चिठ्ठ्या फाडणे इ. कृत्यांना कायद्याने ठरविलेला दंड. भारतीय परंपरेत खेळणाऱ्यापेक्षा खेळविणाऱ्याकडे कायद्याचे लक्ष अधिक राहिले आहे.

जुगार मुळात गुन्हा आहे की नाही, याबाबत धर्मशास्त्रकारांत एकमत नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात निर्जीव साधनांचे ते ‘द्यूत’ व प्राण्यांचा तो ‘समाह्वय’ असा भेद करून राजाने दोन्ही राज्यातून हटवावीत, असे सांगितले आहे. याज्ञवल्क्यस्मृती द्यूत एकाच ठिकाणी, देखरेखीखाली चालू देते. कारणही रोखठोक आहे : ‘तस्करज्ञानकारणात्’, म्हणजे चोर हुडकता यावेत म्हणून. शंभर किंवा अधिक जिंकणाऱ्याकडून सभिकाने (अड्डा चालविणाऱ्याने) शेकडा ५ आणि इतरांकडून शेकडा १० घ्यावे. खोटे फासे टाकणाऱ्यास डागून हद्दपार करावे. हल्लीचा अड्डेवाला डावातून काढतो ती ‘नाल’ म्हणजे सभिकाचा हा वाटाच. कौटिलीय अर्थशास्त्रातही नेमलेल्या जागेबाहेर खेळणाऱ्यास १२ पण (तत्कालीन नाणे) दंड आहे. या ग्रंथाचा काळ इ. स. पू. चौथ्या शतकापासून इ. स. च्या पहिल्या काही शतकांपर्यंत वेगवेगळा मानला जातो. तथापि स्मृतीतील तरतूद त्यावरूनच आली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

ब्रिटिश अमदानीत १८६७ च्या सार्वजनिक जुगार अधिनियमाने अड्डेवाल्यास २०० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद ठरविली. महाराष्ट्रात मात्र १८८७ चा मुंबईचा जुगार प्रतिबंधक अधिनियम सुधारणांसह लागू आहे. त्याच्या कलम ४ खाली अड्डा चालविणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद होते. पहिल्या गुन्ह्यालाही किमान तीन महिने कैद व ५०० रुपये दंड सांगितला आहे. कलम ५ अड्ड्यात सापडलेल्यांसाठी असून, डाव चालू असताना तेथे असलेला माणूस खेळण्यासाठीच आला होता, असे गृहीत धरले जाते. उलट सिद्ध करणे त्याच्यावर. रस्त्यावरच्या जुगाराला कलम १२, तर मटक्याच्या कारवाईत १२ (अ) हे नित्याचे. पंचनाम्यात मुद्देमाल म्हणून आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या, एखादे बॉलपेन व थोडी रोकड नोंदलेली आढळते.

निव्वळ कौशल्याच्या खेळाला कलम १३ अन्वये हा कायदा लागू नाही. वादाचे मूळ येथेच आहे, कारण नशीब अजिबात नाही असा खेळ विरळाच. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ च्या चमारबागवाला (बक्षीस स्पर्धांविषयीच्या) प्रकरणात कौशल्याचे प्राबल्य ही कसोटी मानली. १९६८ मध्ये रमी व १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यती कौशल्यप्रधान ठरल्या. तीनपत्तीला रमीच्या पंक्तीत बसविले गेले नाही : रमीत पाने लक्षात ठेवून लावावी लागतात, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

पैज व जुगार हा घटनेच्या राज्यसूचीतील विषय (नोंद ३४). तरीही ऑनलाइन खेळांसाठी संसदेने २०२५ मध्ये स्वतंत्र अधिनियम केला. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ पुरविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कौशल्य की नशीब हा भेद या कायद्याने येथे बाजूला ठेवला आहे. नुसत्या खेळणाऱ्यास त्यात शिक्षा नाही.