नावात गावं कोंबून दुकान वर येत नाही

पाटीवर ‘अमुक ऑप्टिक्स’, आणि गूगल मॅपवर ‘अमुक ऑप्टिक्स कोथरूड वारजे हडपसर बेस्ट चष्मा शॉप’. नावात जितके भाग घालाल तितक्या भागांत दिसाल, हा समज ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ला (म्हणजे दुकानाच्या गूगलवरच्या नोंदीला) ‘गूगल माय बिझनेस’ म्हणायचे तेव्हापासून फिरतोय.

गूगलचा नियम सरळ आहे: पाटीवर जे नाव, तेच प्रोफाइलवर. भर घातलेलं दुकान चार दिवस वर दिसतंही, नाही असं नाही. पण कुणी तक्रार केली की नाव छाटलं जातं, कधी अख्खं प्रोफाइलच निलंबित होतं.

क्रम ठरतो तो शोधाशी जुळणं, अंतर आणि ख्याती यांवर. त्यातलं अंतर तुमच्या हातात नाही. हडपसरमध्ये उभा असलेला माणूस चष्म्याचं दुकान शोधतो, तेव्हा नावात ‘हडपसर’ लिहून कोथरूडची शाखा जवळ सरकत नाही. मेव्हण्याच्या फ्लॅटचा पत्ता ‘शाखा’ म्हणून देणं तर त्याहून वाईट.

खरी शाखा असेल तर तिला स्वतंत्र प्रोफाइल द्या, नाव सगळीकडे एकच. फोन शक्यतो त्याच शाखेचा. लिंक त्या शाखेच्या पानाची द्या, आणि त्या पानावर फक्त गावाचं नाव बदललेला तोच मजकूर नको: गाडी कुठे लावायची, डोळे तपासायला डॉक्टर कोणत्या वारी येतात, हे लिहा. शाखा दहा किंवा जास्त असतील तर त्या तुमच्याच आहेत याची गूगलकडून होणारी पडताळणी सगळ्यांची एकत्र करून घ्यायची सोय आहे. आणि ‘पैसे भरा, गूगलकडून पहिला नंबर’ म्हणणाऱ्यांचा फोन ठेवून द्या. जाहिरात वेगळी, या क्रमासाठी गूगल पैसे घेत नाही.