बाळंतिणीचा रक्तस्राव आणि घरी द्यायच्या तीन गोळ्या

१९७० आणि १९८०च्या दशकांत सगळा भर सुईणींच्या प्रशिक्षणावर होता. हात स्वच्छ, जागा स्वच्छ, नाळ कापायला नवं पातं. याने आणि गरोदरपणीच्या लसीने नवजात बाळांचा धनुर्वात कमी झाला. पण अडलेलं बाळंतपण, झटके आणि रक्तस्राव यांवर स्वच्छतेचा इलाज चालत नाही. १९८७ला नैरोबीत सुरक्षित मातृत्वाची मोहीम सुरू झाली. १९९७च्या कोलंबोतील बैठकीनंतर जोर सुईणींकडून कुशल परिचारिका आणि डॉक्टरांकडे वळला. दिशा बरोबर होती, मात्र दवाखान्यापर्यंत पोचूच न शकणाऱ्या बाईचं काय, हे मागे पडलं.

वार पडल्यावर गर्भाशय आवळलं नाही, तर तिथल्या उघड्या रक्तवाहिन्या वाहत राहतात आणि धडधाकट बाई दोनेक तासांत दगावू शकते. त्यावर बाळ जन्मताच मिनिटभरात गर्भाशय आवळणाऱ्या ऑक्सिटोसिन या औषधाचं १० युनिटचं इंजेक्शन हा उत्तम उपाय. पण ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. उष्णतेने उतरलेली ताकद कुपीकडे बघून कळत नाही.

म्हणून गर्भाशय आवळणारंच दुसरं औषध, मिसोप्रोस्टॉल. २०० मायक्रोग्रॅमच्या तीन गोळ्या, तोंडाने. ना सुई, ना फ्रीज. या गोळ्या गरोदर बाईच्या हाती आधीच द्याव्यात का, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. आक्षेप पोकळ नव्हता: बाळ बाहेर येण्याआधी घेतल्या तर कळा अनावर होऊन गर्भाशय फाटू शकतं. म्हणूनच पोटात दुसरं बाळ नाही ना, हे हाताने चाचपल्याशिवाय गोळ्या द्यायच्याच नाहीत. गोळ्यांनंतर येणारी थंडी आणि ताप बहुधा आपोआप उतरतो, पण आधी सांगितलं नसेल तर घरचे घाबरतात. गर्भपातासाठी वापर होईल या धास्तीनेही निर्णय रेंगाळला, आणि त्याची किंमत बाळंतिणींनी मोजली. ऑक्सिटोसिन नसेल तिथे रक्तस्राव टाळण्यासाठी म्हणून २०११ला हे औषध जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आलं. आगाऊ वाटपाची शिफारस, तीही निवडक ठिकाणांपुरती, २०२०ला. गोळ्या दमट हवेत खराब होतात, त्यामुळे दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेलंच पाकीट घ्यावं, हे खरेदीत अजूनही सुटतं.

२०१९ला ऑक्सिटोसिनसारखंच काम करणारं पण उष्णतेत टिकणारं कार्बेटोसिनचं इंजेक्शन, १०० मायक्रोग्रॅम, त्याच यादीत दाखल झालं. अलीकडचा भर रक्त मोजण्यावर आहे. नुसत्या नजरेच्या अंदाजात निम्मं रक्तही हिशेबाबाहेर राहू शकतं, म्हणून बाळंतिणीखाली खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी लावतात आणि दर पंधरा मिनिटांनी आकडा व नाडी लिहून ठेवतात.